काठमांडूचे तरुण आणि आपली मुले



नेपाळ हा देश तुम्हां-आम्हांस परका नाही. भगवान बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी त्याच भूमीत आहे. आणि महापरिनिर्वाणापूर्वी अवघे सोळा दिवस, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्या मार्गांची तुलना केली ती काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेतच. बळावर उभी केलेली व्यवस्था बळ ओसरताच कोसळते, माणसाचे मन पालटून घडविलेली व्यवस्था टिकते, हा त्या भाषणाचा गाभा होता. त्याच शहरात सप्टेंबर २०२५ मध्ये शाळा-कॉलेजांतील मुले रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोन दिवसांत सरकार गेले. ज्या घरात अठरा-वीस वर्षांचे मूल आहे, त्या घराने ही हकीकत नीट समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

४ सप्टेंबर रोजी तेथील सरकारने फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांसह २६ समाजमाध्यमे बंद करण्याचा हुकूम काढला. कंपन्यांनी सरकारदरबारी नोंदणी केली नाही, हे कारण दिले. परदेशी कंपनीने देशाचा कायदा पाळावा, ही मागणी मुळात गैर नव्हे. परंतु त्याच सुमारास तेथील तरुण पुढाऱ्यांच्या मुलांच्या ऐषारामाची छायाचित्रे प्रसिद्ध करून हा पैसा आला कोठून, असे विचारू लागले होते. ज्या तोंडातून प्रश्न येत होता तेच तोंड दाबले गेले, असे त्यांस वाटले तर नवल काय? शिवाय लाखो नेपाळी आखातात आणि मलेशियात मजुरी करतात. त्यांनी धाडलेला पैसा देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढा भरतो. मुलगा कतारमध्ये आणि आई डोंगरावरच्या खेड्यात, या दोघांमधला रोजचा धागा म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोन. राज्यकर्त्यांनी तोही तोडला.

८ सप्टेंबरला मुले मैतीघरहून संसदेकडे निघाली. कित्येक शाळेच्या गणवेशात होती. पोलिसांच्या गोळीबारात त्या एका दिवशी १९ जीव गेले. रात्री बंदी उठविण्यात आली, पण आता कोण ऐकणार? दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. आणि त्याच दिवशी संसद, सिंहदरबार व सर्वोच्च न्यायालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. मृतांचा आकडा पुढे सत्तरांवर गेला.

आता येथे विचार करावयास हवा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते, की सनदशीर मार्ग खुले असताना रस्त्यावरचे मार्ग धरणे हे अराजकतेचे व्याकरण होय. पुष्कळ लोक हे वाक्य तरुणांस गप्प बसविण्यासाठी वापरतात, आणि त्यातील अट सोयीस्करपणे गिळून टाकतात. सनदशीर मार्ग बंद असतील तेव्हा दुसऱ्या मार्गांस काही आधार असतो, हेही त्यांनी तेथेच सांगितले होते. महाडच्या तळ्यावर जाणाऱ्यास ते ठाऊक असणारच. काठमांडूत तोंड दाबणाऱ्या सरकारने मुलांना रस्त्यावर ढकलले, हा दोष आम्ही सरकारच्याच पदरी घालतो. पण न्यायालय जाळणाऱ्याचे काय? दुबळ्याचा दावा ज्या दफ्तरात पडून आहे ते जळाले, तर धनिकाचे काय बिघडते? जळालेल्या कागदाची झळ गरिबालाच अधिक बसते, आणि हे जाळपोळीचे समर्थन करणाऱ्यांस आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो.

पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. डिस्कॉर्ड नावाचे एक माध्यम आहे. खेळ खेळणाऱ्या मुलांना आपसांत बोलता यावे म्हणून अमेरिकेत ते निघाले. त्यावर लाखाहून अधिक लोक जमले, नवा पंतप्रधान कोण असावा यावर वाद झाले आणि शेवटी मतेही घेण्यात आली. मते पडली साडेसात हजारांच्या वर, आणि निम्म्याच्या आसपास मते माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांस मिळाली. १२ सप्टेंबरला त्यांनी हंगामी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. नेपाळच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. निवड वाईट झाली असे आम्ही म्हणत नाही. पण त्या देशात २०२२ च्या निवडणुकीत सुमारे १ कोटी ८० लाख मतदार होते! ज्या खोलीत मत पडले तिच्या दारावर मतदारांची यादी नव्हती, आत कोण बसले आहे ते दिसत नव्हते, आणि कोणी बोलावे हे खोली चालविणारे ठरवीत होते. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्या शेतमजूर बाईचे मत कोणी विचारले?

खोली कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला होता. म्हणूनच बाबासाहेबांनी पदराला खार लावून एकामागून एक स्वतःची पत्रे चालविली. आज तुमचा मुलगा फुकट लिहितो, हजारो वाचतात, ही सोय मोठीच आहे; परंतु त्या पानाची किल्ली सातासमुद्रापलीकडच्या कंपनीच्या कमरेला आहे, हे त्याला ठाऊक असावे.

म्हणून मुलाचा मोबाइल काढून घ्या, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिल्याबद्दल अटक झाली. एकीने लिहिले, दुसरीने केवळ पसंती दर्शविली. तेव्हा श्रेया सिंघल नावाच्या एका तरुणीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलमच रद्द झाले. हाही राजकारणातला तरुणांचा सहभागच. त्यात कोणाचे घर जळले नाही.

नेपाळातही शेवटी ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख ठरली, आणि नव्या मतदारांची नोंदणी पुन्हा खुली करावी लागली. आपल्याकडे मताचे वय २१ वरून १८ वर आले ते १९८९ साली. वर्षातून चार वेळा, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखा धरून, अठरा पुरी झालेल्यांची नावे यादीत घेतली जातात, आणि सतरा वर्षांच्या मुलालाही आगाऊ अर्ज करता येतो. अर्जाचा नमुना क्रमांक ६. तो मोबाइलवरूनच भरता येतो.