तपकिरी शेंडा दिसला की फवारणी नको

संपादक महोदय,

घराभोवतीच्या सीडरच्या कुंपणाविषयी आपल्या गेल्या अंकातील लेख वाचला. कुंपणाला नियमित पाणी देण्याबाबतचे लेखकाचे मत योग्यच आहे; पण शेंडे तपकिरी दिसताच कीटकनाशक फवारावे, हा सल्ला पटत नाही. शिवाय आमच्या ऑन्टारिओत २००९पासून घरगुती बागांत शोभेसाठी बहुतेक रासायनिक कीटकनाशके वापरण्यास बंदी आहे.

आधी कारण ओळखावे. तपकिरी शेंडा उजेडासमोर धरल्यावर आतून पोखरलेला दिसला, तर ते पाने पोखरणाऱ्या अळीचे काम. ही अळी हिवाळा पानाच्या आतच काढते, त्यामुळे साबणाचे पाणी वरून फवारून तिचे काही बिघडत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पतंग बाहेर पडण्याआधीच असे शेंडे छाटून नष्ट करावेत. मात्र छाटणी उघड्या जुन्या लाकडापर्यंत नेऊ नये. तेथून सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. या अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही असतात. सरसकट फवारणीत आपले हे मदतनीसच आधी मरतात.

फांदी पांढऱ्या कागदावर झटकल्यावर हलणारे ठिपके दिसले, तर तो कोळी. त्याला पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. शरद ऋतूत आतली जुनी पाने तपकिरी होऊन गळणे तर नैसर्गिकच आहे.

हा खुलासा आपण छापावा आणि वाचकांनी औषधाच्या बाटलीआधी भिंग हाती घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, टोरांटो