अँजिओग्राफी निर्दोष, तरी दुखणे खरे

मा. संपादक,

मागील अंकातील हृदयविकारावरील लेखात, अँजिओग्राफीत अडथळा न दिसल्यास छातीतले दुखणे पित्ताचे अथवा मनाचे समजावे, असे जे सुचविले आहे, ते अपुरे व धोक्याचे आहे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या भिंतीतील स्नायू अचानक आवळला गेला, म्हणजेच तिला पेटका आला, तर मोठा अडथळा नसतानाही रक्तप्रवाह काही मिनिटे जवळजवळ थांबू शकतो. मायरन प्रिंझमेटल या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाने १९५९ मध्ये सहकाऱ्यांसह या दुखण्याचे वर्णन केले आणि त्याचे वेगळेपण हेरले, ते असे की ही कळ जिना चढताना नव्हे, तर विश्रांतीत उठते. बहुधा मध्यरात्र ते पहाट या वेळात. त्या क्षणी काढलेल्या ईसीजीत एसटी हा रेषाखंड वर उचललेला दिसतो, मात्र कळ ओसरताच आलेख पूर्ववत होतो. त्यामुळे सकाळी दहाला दवाखाना गाठणाऱ्या रुग्णाच्या हाती ‘नॉर्मल’ असा शेरा (आणि सोबत पित्तशामक गोळ्या) पडावा, यात नवल नाही.

हा भेद नावापुरता नाही, कारण प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-रोधक औषधे पेटका वाढवू शकतात, तर डिल्टियाझेमसारखी, स्नायुपेशींत शिरणारे कॅल्शियम रोखणारी औषधे रोहिणी सैल ठेवतात. धूम्रपानाचा या विकाराशी असलेला निकटचा संबंधही लेखात राहून गेला आहे. उपचाराविना राहिल्यास यातून हृदयविकाराचा झटका वा ठोक्यांची प्राणघातक अनियमितता उद्भवू शकते. सबब पुढील अंकात ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

— एक वाचक