खटले मागे घेतले, पण शिक्षा झालेल्यांचे काय?
आंदोलनातले गुन्हे मागे घ्या, ही मागणी आपण दरवेळी करतो. पण सरकारी वकिलाला खटला मागे घेता येतो तो निकाल लागण्यापूर्वीच, आणि तोही न्यायालयाच्या संमतीने. ज्या भावांना वीस वर्षांपूर्वीच शिक्षा झाली, ते या घोषणेत कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे माफीचा अर्ज उरतो. निर्णय मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होतो.

कार्यकर्त्यांनी आधी निकालाची प्रमाणित प्रत काढून द्यावी. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली सोडले असेल, तर कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. नोकरीच्या फॉर्ममध्ये विचारले असेल तर माहिती लपवू नये. लपवल्यानेही नोकरी जाते.