पंधरा ते पन्नासच्या मधली जीप

आपल्या कायद्यात मोटारीला म्हातारपण दोन प्रकारचं येतं. पन्नास वर्षं ओलांडली की गाडी ‘व्हिंटेज’. २०२१च्या नियमांप्रमाणे २० हजार रुपये भरायचे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं घ्यायची आणि रॅलीत मिरवायचं. रोज वापरायची परवानगी नाही, पण मान आहे. पंधरा ओलांडली आणि पन्नास गाठली नाहीत, तर मात्र ती नुसती जुनी गाडी. सोसायटीच्या भाषेत ‘ते भंगार’.

माझी जीप १९९३ची आहे. म्हणजे २०४३पर्यंत तिचं काय करायचं, याचं उत्तर कोणाकडेच नाही. असलंच तर एक आहे: मोडा.

ते उत्तर मला तीन ठिकाणांहून मिळालं. पवईतल्या ऑफिसात मित्र म्हणाले, ‘अरे थार घे ना, ईएमआय किती बसेल?’ मी भाड्याने राहतो त्या बिल्डिंगच्या कमिटीने, जीप यायच्या आधीच, ‘नादुरुस्त वाहने आवारात आणू नयेत’ अशी नोटीस लिफ्टमध्ये लावली. आणि सरकारचं म्हणणं दरपत्रकातच लिहिलेलं आहे. मित्रांचं सोडा, ते मित्र आहेत. भांडण बाकी दोघांशी आहे, त्यातही जास्त तिसऱ्याशी.

आधी ही गाडी काय आहे ते सांगतो, कारण आपल्या पिढीला जीप म्हणजे थारची आजी एवढंच माहीत असतं. १९४५मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अमेरिकेतून विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायचं काम १९४७ला सुरू झालं. युद्धासाठी आखलेला तो सांगाडा पुढे कित्येक दशकं जवळपास तसाच राहिला; वर इंजिनं बदलत गेली. माझ्या मामाने घेतलेली एमएम ५४० त्याच घराण्यातली. तिच्यात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यासाचे, २११२ सीसी. ताकद ६२ हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या साध्या हॅचबॅकमध्ये याहून जास्त असते.

पण हॉर्सपॉवर हा तिचा मुद्दाच नव्हे. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या आहेत. एक पुढच्या चाकांना ताकद देते. दुसरी ‘लो’ टाकते, म्हणजे चाकांपर्यंत पोचणारा जोर जवळपास अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी. लो टाकून पहिला गिअर, अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला, आणि जीप माणसाच्या चालीने चिखलातून वर चढते. जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाकडच्या पट्ट्यात, जिथे माझं आजोळ आहे, तिथे जून ते सप्टेंबर याला पर्याय नसतो. शहरात ज्याला ऑफ-रोड म्हणतात आणि ज्यासाठी वीकेंडला पैसे मोजतात, त्याला तिथे पाणंद म्हणतात. पाणंदीने खत जातं, टोमॅटोचे क्रेट येतात, बाळंतीण दवाखान्यात जाते. ऑफ-रोड कसलं, रोडच तो.

मामाची दृष्टी अधू झाली तेव्हा जीप चिंचेखाली उभी राहिली, ती नऊ वर्षं. कोंबड्या मागच्या सीटखाली अंडी घालू लागल्या. ‘घेऊन जा बाबा, नाहीतर भंगारवाला नेईल,’ मामी म्हणाली. टेम्पोवर चढवून माळशेजमार्गे आम्ही ती साकीनाक्याच्या एका गॅरेजात आणली. तिथले चाचा चाळीस वर्षं जीपच करतात. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे चावी माझ्या हातातून काढून घेतली. ‘अभी सेल्फ मारेगा ना, तो रिंग टूट जाएगा.’

इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. सेल्फने जबरदस्ती केली तर काहीतरी तुटतंच. चाचांनी चारही इंजेक्टर काढले, भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि म्हणाले, आता घरी जा. रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी जायचो आणि ते क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने जोर देऊन बघायचे. सहाव्या दिवशी पाव फेरा फिरली. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला, एवढंच.

मग डिझेलची टाकी उतरवली. आत डिझेल नव्हतं, काकवीसारखं काहीतरी होतं. इंजेक्शन पंप वेगळ्या माणसाकडे गेला, कारण पंपाचं काम हा स्वतंत्र धंदा आहे; तो माणूस टेस्ट बेंचवर प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं ते मोजून सारखं करतो. धूर निघतो तो बहुतेक वेळा इथे हयगय झाल्यामुळे. फोर व्हील ड्राइव्हच्या गिअरपेटीतलं तेल दुधासारखं पांढरं झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. सील बदलली, बेअरिंग बदलले, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले. आणि इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेक. हा चाचांचा नियम: जी गाडी थांबत नाही ती चालवायची नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, सगळ्या पायपा नव्या. चॅसिस हातोडीने ठोकत ठोकत तपासली. आवाज बदलला तिथे पत्रा खाल्लेला होता, तेवढा कापून नवा जोडला.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले, काही नवे, काही दुसऱ्या जीपमधून काढलेले. एकही भाग असा नव्हता ज्याला कंपनीचा लॅपटॉप लावावा लागला. चौदा महिने लागले. खर्च एक लाख नव्वद हजार. यात माझे शनिवार धरलेले नाहीत.

हे सगळं लांबण लावून सांगितलं, कारण ‘जुनी गाडी धोकादायक असते’ असं जे म्हणतात त्यांना ती नेमकी कुठे धोकादायक असते हे विचारून बघा. ब्रेकच्या रबरात, स्टिअरिंगच्या किंगपिनमध्ये, चॅसिसच्या गंजात, पंपाच्या सेटिंगमध्ये. चारही गोष्टी मोजता येतात आणि चारही दुरुस्त होतात. आरसी बुकातली जन्मतारीख यातलं काहीच सांगत नाही. बारा वर्षांची, घाटात रोज तुडवलेली, ब्रेक घासलेली गाडी कायद्याने तरुण असते.

माझ्या धंद्यात यावर बरंच भांडून झालेलं आहे. कोबोल ही भाषा १९५९ची. जगातल्या कित्येक बँकांचे हिशेब आजही तिच्यात चालतात. जुना कोड आहे म्हणून कोणी तो पुसत नाही. टेस्ट चालवतात, पास झाला तर राहू देतात. नव्याने जॉइन झालेला प्रत्येक इंजिनियर पहिल्या आठवड्यात म्हणतो, हे सगळं फेकून नव्याने लिहू. त्याला कोणी धोरण बनवायला बसवत नाही.

कागदावर महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी बंदी नाही, हे खरं आहे. फिटनेस दाखवा, पाच वर्षांनी नोंदणी वाढवा. पण दर बघा. मोटारीची नोंदणी वाढवायला ६०० रुपये लागायचे, ते एप्रिल २०२२पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये. शिवाय पर्यावरण कर. गाडी चिंचेखाली उभी असो की हायवेवर, ५०० रुपये तेच. आणि एवढं भरून तपासणी काय होते? माझ्या जीपची झाली ती सांगतो: चॅसिस नंबरावर पेन्सिल घासली, हॉर्न वाजवला, दिवे लावले. ज्या ब्रेकसाठी आम्ही महिना घातला तो कोणी दाबूनही पाहिला नाही. म्हणजे वयाचा दंड पूर्ण आणि तपासणी शून्य.

उलट, गाडी मोडून सर्टिफिकेट आणलंत तर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे. दुरुस्त केलीत तर सुट्या भागांवर सप्टेंबर २०२५पर्यंत २८ टक्के जीएसटी होता. याच सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली होती, आणि तिच्या चार क्षेत्रांत वाहनं होती. एका खात्याला दुरुस्ती हक्क वाटते, दुसऱ्याला दुरुस्त गाडी उपद्रव.

आता धुराबद्दल. प्रति किलोमीटर माझी जीप आजच्या बीएस-सहा डिझेल गाडीपेक्षा कितीतरी घाण आहे, यावर वाद घालणारे लोक मला लबाड वाटतात. तिच्या सायलेन्सरमध्ये कसलाही फिल्टर नाही. मुंबईची हवा हिवाळ्यात कशी होते ते पवई तलावाच्या काठावर सकाळी उभं राहिलं की दिसतं. पलीकडचा काठ दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने या विषयात स्वतःहून लक्ष घातलं आणि जानेवारी २०२५मध्ये महानगर क्षेत्रातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का हे पाहायला राज्याने समिती नेमली. तिने माझ्या जीपला मुंबईत बंदी घातली तर मी एक शब्द बोलणार नाही. जेव्हीएलआरवर तिचं काही कामही नाही. ती वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धा होत नाही, आणि त्यातले बहुतेक जुन्नर तालुक्यात.

शहरात येऊ नकोस, हे सांगणं वेगळं. तू जगूच नकोस, हे सांगणं वेगळं. दिल्लीने हा फरक कधी केलाच नाही. दहा वर्षांचं डिझेल, पंधरा वर्षांचं पेट्रोल, बस्स. जुलै २०२५मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं फर्मान निघालं आणि काही दिवसांत गुंडाळावं लागलं. ज्यांच्या गाड्या वर्षाला हजार किलोमीटर चालतात ते आणि जे रोज शंभर चालवतात ते, दोघे एकाच रांगेत. असला नियम आपल्याकडे आला तर पहिल्यांदा मरतील त्या आजोळच्या जीपा, कारण त्यांचे मालक कोर्टात जात नाहीत.

आणि एक शब्द आपल्यातल्याच लोकांना. जुनी जीप घेऊन तिला ट्रकची चाकं लावायची, छपरावर दिव्यांची माळ, सायलेन्सर फाडायचा आणि मग सड्यावर जाऊन गोल गोल चिखल उडवत रील काढायची, याला जीप जिवंत करणं म्हणत नाहीत. सड्यावर मातीचा थर काही इंचांचा असतो. त्यातली रानफुलं एका टायरखाली जातात ती लवकर परत येत नाहीत. कायद्यानेही हे बसत नाही: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीने बनवली त्याहून वेगळी रचना चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. आमच्या जीपवर आरटीओचा माणूस आधीच वैतागलेला असतो तो या रील्समुळे. २०२३पासून थार मागच्या दोनच चाकांच्या ड्राइव्हमध्येही मिळते. ज्यांना फक्त रूप हवंय त्यांनी ती घ्यावी, छान गाडी आहे.

गंमत म्हणजे याच सांगाड्याची नवी आवृत्ती, रॉक्सर नावाने, महिंद्राने २०१८मध्ये अमेरिकेत विकायला काढली. तिथल्या शेतांसाठी, फक्त रस्त्याबाहेर चालवायला. जीप या नावाच्या मालक कंपनीने रूप चोरल्याचा दावा लावला, तो वेगळा तमाशा. पण तिथे ही रचना शेतावरचं नवंकोरं यंत्र म्हणून खपली, आणि इथे तीच कालबाह्य.

दुसरे देश काय करतात? जर्मनीत गाडी तीस वर्षांची झाली, मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत आहे असं तज्ज्ञाने तपासून लिहून दिलं, की नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. पन्नास नाही, तीस. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर आणणार नाही असं कळवता येतं. तेवढा काळ कर नाही, दंड नाही.

आपल्याकडे फार काही नको. पंधरा ते पन्नासच्या मध्ये तिसरा वर्ग काढा. वर्षाला तीन हजार किलोमीटरची मर्यादा घाला, ओडोमीटर दरवर्षी तपासा. मोठ्या शहरांत मनाई करा. ब्रेक रोलरवर मोजा, धूर मीटरवर मोजा, चॅसिस ठोकून बघा. नापास झाली तर दुरुस्तीला मुदत द्या, तरीही नापास तर खुशाल मोडा. उभ्या गाडीचं तसं लिहून घ्या आणि महिन्याचे ५०० थांबवा. यासाठी फी वाढवलीत तरी चालेल. चाचांसारख्या माणसाला तपासणीच्या टेबलावर बसवून पगार दिलात तर मी पंधरा हजारही भरेन.

मोटार वाहन नियम बदलायचे असले की केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय आधी मसुदा राजपत्रात छापतं आणि हरकतींसाठी साधारण तीस दिवस देतं. ईमेलचा पत्ता खालीच असतो. गाड्या विकणारे तिथे लिहितात, भंगाराचे कारखानेवाले लिहितात. माझ्या ओळखीच्या एकाही जीपवाल्याने आजवर लिहिलेलं नाही, आणि मामाला तर राजपत्र कुठे मिळतं हेही ठाऊक नाही. पुढचा मसुदा निघाला की मी जर्मनीचा नियम आणि साकीनाक्यातली बिलं जोडून मराठीतून पाठवणार आहे. ज्यांच्या चिंचेखाली काही उभं आहे त्यांनी आपापली बिलं सांभाळून ठेवा.