तेरची पांढर राखूया

सोलापूरकरांनो, आपल्या मुलखाचं समुद्राशी नातं पाहायला मुंबईच गाठावी लागते असं नाही. धाराशिवजवळ तेर आहे. सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी!

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने 'पेरिप्लस' हा ग्रंथ लिहिला. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे शहर आहे, तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदरात येते, असं तो सांगतो. ते तगर म्हणजे आपलं तेर. सोलापुरी चादरीचं नाव होण्याच्या कितीतरी शतकं आधी इकडचं कापड जहाजावर चढत होतं.

त्या काळाच्या खुणा तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहेत. लामतुरे तेरचेच व्यापारी. गावात सापडणारे मणी, नाणी, मूर्ती त्यांनी जिवापाड जमवल्या. तिथली वीतभरही नसलेली, दागिन्यांनी नटलेली हस्तिदंती स्त्री पाहाच. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत सापडली, इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत! रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकंही तेरला मिळाली आहेत. कुणीतरी ती हौसेने गळ्यात घातली असतील.

पण संग्रहालयात आलं ते थोडं. बाकीचं अजून गावच्या जुन्या टेकाडांत, म्हणजे पांढरीत आहे, आणि दर पावसाळ्यात ती झिजतात. पांढरीची माती माळवदावर घालायची, शेतात पसरायची ही आपल्याकडची जुनीच रीत. त्यात कुणाचा वाईट हेतू नाही. मात्र थर एकदा विस्कटला की तो पुन्हा लावता येत नाही. आपल्या थरात सापडलेला मणी काळ सांगतो, सोबतच्या वस्तूंशी नातं सांगतो. खिशात गेलेला मणी नुसता मणी उरतो.

म्हणून आपण सगळे मिळून हे सांभाळूया. टेकाड उकरायचं नाही. काही सापडलं तर जागा नीट लक्षात ठेवून संग्रहालयाला किंवा तहसीलला कळवायचं. चार पैशांसाठी दलालाच्या हाती द्यायचं नाही; जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर सरकारला देण्याचा कायदा 1878 पासून आहे.

तेरला संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण जातोच. तसंच पुढे विटांचं प्राचीन त्रिविक्रम मंदिर आणि संग्रहालय पाहूया. माणसांची ये-जा वाढली की देखभालीची मागणीही जोराने करता येते. विणकर घरांतल्या आजी-आजोबांनी नातवंडांना आवर्जून न्यावं. आणि शिक्षकहो, यंदाच्या सहलीच्या यादीत नळदुर्ग, तुळजापूरबरोबर तेरचंही नाव घाला.