बिलावर चिपचा नंबर लिहा

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सहाच दिवसांनी डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळी पहाटेची गर्दी उसळली. त्या गर्दीतल्या कितीतरी घरांत तेव्हापासून एकच प्रश्न आहे: जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा की त्यावर लिनक्स टाकायचं? विंडोज ११च्या यादीत इंटेलची सातवी पिढी जवळजवळ नाहीच. प्रोसेसर धडधाकट असला तरी दार बंद. एसएसडी बसवून मिंट किंवा उबंटू चढवलं, की तेच मशीन आणखी काही वर्षं ओढतं. ठाण्याच्या गोखले रोडपासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत ज्यांचं पोट दुरुस्तीवर चालतं, त्यांच्यासाठी हे हातचं काम आहे.

ते अडतं वायफायवर.

गिऱ्हाइकाच्या लेखी वायफाय नाही म्हणजे लॅपटॉप बिघडलेलाच. मग ड्रॉवरमधून नखाएवढं डोंगल निघतं, ते लावलं जातं आणि यादीत एकही नेटवर्क दिसत नाही. ‘लिनक्समध्ये हे असंच असतं’ असं सांगून पुन्हा विंडोज टाकून देणारे आहेत. खरं तर तिथे दोन मिनिटांची तपासणी राहिलेली असते.

टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा दिली, तर अशा डोंगलचा आयडी पुष्कळदा ०बीडीए:१ए२बी असा येतो. पहिला भाग रिअलटेक कंपनीचा. दुसरा मात्र वायफाय चिपचा नसतो. विंडोजचा ड्रायव्हर डोंगलच्याच पोटात ठेवलेला असल्यामुळे ते सुरुवातीला स्वतःला सीडी म्हणवतं. फाइल मॅनेजरमधून ती ‘सीडी’ इजेक्ट केली, की आयडी पालटतो. तो ०बीडीए:सी८११ झाला, तर आत आरटीएल८८११सीयू ही चिप आहे. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज असेल तर ही अदलाबदल आपोआप होते. या चिपचा ड्रायव्हर फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या ६.२ कर्नलपासून कर्नलमध्येच आहे. मिंट २२ मुळात ६.८ कर्नलवर येतं, म्हणजे तिथे वेगळं काहीही उतरवावं लागत नाही. त्याच कंपनीच्या ८८१२एयू आणि ८८२१एयू या चिपना मात्र २०२५पर्यंत थांबावं लागलं.

खोक्यावरचं मॉडेल इथे उपयोगी पडत नाही. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचं गाजलेलं उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, फर्मवेअरसुद्धा खुलं. दुसऱ्या आवृत्तीपासून तेच नाव ठेवून आत रिअलटेकची ८१८८ईयूएस आली आणि जुन्या शिफारशींवर विसंबलेले खरेदीदार फसले. लॅमिंग्टन रोडवरून घाऊक माल आणणाऱ्याने दहा डोंगल उचलण्यापूर्वी एक लावून आयडी पाहावा, तो यासाठीच.

लॅपटॉपच्या आतल्या कार्डांच्या तऱ्हा आणखी निराळ्या. आरटीएल८७२३बीई कार्ड असलेली एचपीची काही मॉडेल घ्या. वायफाय दिसतं, जोडलंही जातं, पण राउटर शेजारी असेल तोवरच. स्वयंपाकघरात गेलं की तुटतं. कार्डावर अँटेनासाठी दोन जागा, वायर एकाच जागी जोडलेली आणि ड्रायव्हर नेमकी रिकामी जागा वापरत बसतो. मोडप्रोबच्या कॉन्फिग फाइलमध्ये एएनटी_एसईएल=२ हा पर्याय लिहून मशीन पुन्हा सुरू केलं, की सिग्नलचे दांडे भरतात. कार्ड बदलण्याचे पैसे घेण्याआधी ही एक ओळ लिहून पाहणं हा प्रामाणिक धंदा.

ब्रॉडकॉमच्या बीसीएम४३१४२ची गोष्ट वेगळी. कंपनीने २०१०मध्ये खुला ड्रायव्हर दिला, पण ही चिप त्यात बसत नाही. तिला ‘डब्ल्यूएल’ हा बंद ड्रायव्हरच लागतो आणि कंपनीने त्याची शेवटची आवृत्ती २०१५मध्ये काढली. पुढच्या प्रत्येक कर्नलसाठी वितरणांचे स्वयंसेवकच त्याला ठिगळं लावत आले आहेत. अशा मशीनमध्ये इंटेलचं किंवा अथेरॉसचं जुनं कार्ड बसत असेल, तर ते बसवून मोकळं व्हावं. मात्र काही कंपन्यांचं बायोस परकं कार्ड स्वीकारत नाही, ते आधी तपासावं.

सर्वांत महाग पडते ती घाईने केलेली ‘जुळणी’. इंटरनेटवरून सोर्स उतरवला, कंपाइल केला, वायफाय लागलं, गिऱ्हाईक खूश. पुढच्या अपडेटमध्ये कर्नल बदलतो, मॉड्यूल जुन्याच कर्नलपाशी राहतं आणि तेच गिऱ्हाईक वैतागून परत येतं. ड्रायव्हर डीकेएमएसमार्फत बसवला, तर नव्या कर्नलबरोबर तो सहसा पुन्हा बांधला जातो. सिक्युअर बूट चालू असेल तर उबंटू-मिंटमध्ये पासवर्ड ठरवून घेतला जातो आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तो विचारला जातो. तिथे ‘एनरोल’ न करता कुणी एंटर मारत पुढे गेलं, की मॉड्यूल बसलेलं असूनही चढत नाही. नेमक्या याच पायरीवर मशीन गिऱ्हाइकाच्या हाती दिलेलं असतं.

इंटरनेटच नसताना ड्रायव्हर आणायचा कसा, याचं उत्तर खिशात आहे. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, की लिनक्स त्याला वायरचं नेटवर्क समजतं. डेबियननेही जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये दिलं आहे. दुकानातल्या नव्या पोरांना टर्मिनलची धास्ती असेल, तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्सचे मराठी धडे मोफत आहेत.

आता व्यावसायिकांना एकच विनंती. लिनक्स टाकून दिलेल्या प्रत्येक मशीनच्या बिलावर चार गोष्टी लिहा: वायफायचा आयडी, चिपचं नाव, कर्नलचा क्रमांक आणि ड्रायव्हर कर्नलमधला की बाहेरून बसवलेला. मशीन वर्षभराने परत आलं आणि टेबलावर दुसराच कारागीर असला, तरी त्याला कुठून सुरुवात करायची ते बिलावरूनच कळेल.