मर्जीतले अकरा

रविवारची मिस्सा आटोपली, की आपल्या पुष्कळ गावांत मंडळींचे पाय मैदानाकडे वळतात. ह्यात नवल नाही. गोव्यात फुटबॉलचे बीज १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या धर्मगुरूंनीच रोवले, असे मानतात. तेव्हापासून चर्च आणि चेंडू ह्यांचा शेजार जुना आहे. परंतु सामना सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षक अकरा नावे वाचून दाखवितात आणि मैदानाच्या कडेने कुजबुज उठते. “अमक्याचा मुलगा आत आणि आमचा बाहेर, हे कसे?” “अहो, तो सरांच्या मर्जीतला!”

ही कुजबुज क्षुल्लक समजू नये. ज्याचे नाव वाचले गेले नाही, तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा घरी येऊन जेवणाच्या ताटावर गप्प बसतो. दोन-तीन रविवार असे गेले, की त्याचे बूट कोपऱ्यात पडतात. वडील प्रशिक्षकांशी बोलेनासे होतात, आणि पुढे गावच्या सणाची तयारी करावयाची वेळ आली, की दोन घरांची तोंडे दोन दिशांना असतात. एका चेंडूपायी शेजारधर्म तुटतो. तेव्हा संघ निवडताना प्रशिक्षक खरोखर पक्षपात करतात काय, ह्याचा आज आपण शांतपणे विचार करू.

प्रथम एक गोष्ट मान्य करावयास हवी. जागा अकरा आणि मुले वीस असली, की नऊ जण बाहेर राहणारच. बाहेर राहणे म्हणजे अन्याय नव्हे. संघाची गरज, खेळाडूचे कसब आणि त्याची मेहनत ह्यांखेरीज दुसऱ्या कोणत्या कारणाने तो बाहेर राहिला, तर तो अन्याय. आपण प्रेक्षक रविवारचा एक सामना पाहतो. प्रशिक्षक आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी पाहतात. पावसात सरावाला कोण आले, चेंडू गमावल्यावर परत धावत कोण आले, मोकळ्या सोबत्याला चेंडू कोणी दिला आणि टाळीसाठी स्वतःपाशी कोणी ठेवला, हे त्यांना ठाऊक असते. आपल्याला ते दिसत नाही, म्हणून ते नसते असे नाही.

थोर प्रशिक्षकही ह्या आरोपातून सुटत नाहीत. १९६६ च्या विश्वचषक स्पर्धेत इंग्लंडच्या संघात जिमी ग्रीव्हज हा नामांकित आघाडीपटू होता. देशासाठी ५७ सामन्यांत त्याने ४४ गोल केले. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या नडगीला जखम झाली, टाके पडले आणि त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. पुढच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल हर्स्टने केला. ३० जुलैच्या अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्हज बरा झाला होता. तरीही प्रशिक्षक आल्फ रॅम्झी ह्यांनी जिंकत आलेला संघ मोडला नाही. हर्स्टने त्या दिवशी तीन गोल केले आणि इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरविले. त्या काळी बदली खेळाडू उतरविण्याची मुभाही नव्हती. ग्रीव्हज कडेला बसून राहिला, आणि पदक केवळ मैदानावरील अकरांनाच मिळाले. उरलेल्यांना ते २००९ साली देण्यात आले.

ह्या गोष्टीतून पुष्कळ जण एक चुकीचा धडा घेतात. हर्स्टने गोल केले म्हणून रॅम्झी न्यायी ठरले, असे ते म्हणतात. तसे नाही. हर्स्टला एकही गोल साधला नसता, तरी निर्णय प्रामाणिकच राहिला असता. कारण त्यामागे संघाच्या हिताचे कारण होते. निवडीचा न्याय निकालावरून ठरत नाही, हेतूवरून ठरतो. आणि तो न्याय्य असला, तरी ग्रीव्हजचे दुःख खोटे नव्हते, हेही आपण विसरू नये.

आपल्या देशातील उदाहरण ह्याहून बोलके आहे. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. ते मूळचे शाळामास्तर. पुढे हैदराबादच्या पोलीस संघाचे आणि भारतीय संघाचेही प्रशिक्षक झाले. अशा माणसाने आपल्याच शहराची मुले भरली असे म्हणावयास कोणालाही सोपे. पण १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी उतरविलेला संघ पाहावा. युसूफ खान व सिकंदराबादचे बलराम हे त्यांच्या भागातले खरे. परंतु त्यांच्या खांद्याला खांदा लावून पंजाबचे जर्नैल सिंग, केरळचे चंद्रशेखर, कोलकात्याचे चुनी गोस्वामी आणि गोव्यातील कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको उभे होते. जर्नैल सिंग हे बचावफळीचे खांब. स्पर्धेतच त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम ह्यांनी त्यांना आघाडीवर खेळविले. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला, अंतिम सामन्यातही केला, आणि दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले. मर्जी पाहणारा माणूस असे करीत नाही. आज काय हवे आहे हे पाहणाराच करतो.

ह्याच संघातील फ्रँको ह्यांची आठवण आपल्या मुलांना मुद्दाम सांगावी. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकला ते संघाबरोबर गेले होते. पण एकाही सामन्यात त्यांना उतरावयास मिळाले नाही. दोन वर्षांनी त्यांच्या गळ्यात सुवर्णपदक आले. बाकावर बसावे लागणे म्हणजे खेळ संपणे नव्हे.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजूही स्पष्ट बोलली पाहिजे. पक्षपात होतो. संघाचे कपडे ज्यांनी दिले, त्यांचा मुलगा सहसा बाहेर बसत नाही. भाचा-पुतण्या असेल तर त्याची चूक ‘दुर्दैव’ ठरते आणि दुसऱ्याची चूक ‘बेपर्वाई’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण मैदानावरही खरी होते. संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाचे आसन देणाऱ्या आणि गरिबाला पायाशी बसविणाऱ्या मंडळीची कानउघाडणी केली आहे. ती मैदानालाही लागू पडते. जाणूनबुजून असे करणारा प्रशिक्षक मुलांच्या विश्वासाची चोरी करतो.

परंतु ह्याहून अधिक वेळा घडतो तो पक्षपात न कळत होणारा असतो. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला म्हणजे स्वतःच्या जुन्या निवडीवरचे प्रेम. बॅरी स्टॉ व हा होआंग ह्या अभ्यासकांनी १९९५ साली अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलचा हिशेब मांडला. ज्या खेळाडूंना संघांनी आरंभी वरच्या क्रमाने निवडून घेतले होते, त्यांना खेळ तेवढाच असूनही अधिक वेळ मैदानावर ठेवले जाई, असे त्यांना दिसले. ‘हा मुलगा चांगला’ असे आपण एकदा म्हटले, की पुढे आपण त्या मुलाचा नव्हे, आपल्या शब्दाचा कैवार घेतो.

दुसरा प्रकार जन्माच्या महिन्याचा. मुलांच्या स्पर्धांत वयाची मर्यादा एका ठरावीक तारखेने आखतात. ती १ जानेवारी धरली, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात; पण दोघांत जवळजवळ अकरा महिन्यांचे अंतर असते. दहा वर्षांच्या पोराला हे अंतर थोडे नव्हे. पहिला उंच व दणकट दिसतो, निवडला जातो, त्याला अधिक सराव मिळतो आणि त्या सरावाने तो खरोखरच पुढे जातो. मग सगळे म्हणतात, निवड बरोबर होती. अनेक देशांत बाल-फुटबॉलचे निवडलेले संघ तपासले असता त्यांत वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले अधिक आढळली आहेत. येथे कोणाचा वशिला नाही, कोणाचे वाईट मन नाही. तरीही धाकट्यावर अन्याय झालाच.

असल्या नजरेची चूक पवित्र शास्त्राला नवी नाही. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी गेला, तेव्हा थोरल्या मुलाची उंची पाहून हाच तो, असे त्याला वाटले. देव बाह्य रूप पाहत नाही, तो अंतःकरण पाहतो, हे त्याला तेथे शिकावे लागले. सात मुलगे समोरून गेले, आणि निवडला गेला तो रानात मेंढरे राखणारा दावीद, ज्याला बोलवावे असे बापालाही सुचले नव्हते. संदेष्ट्याची नजर चुकू शकते, तर संध्याकाळी काम आटोपून मुलांना शिकवावयास येणाऱ्या आपल्या प्रशिक्षकांची का चुकू नये?

मग करावे काय? प्रशिक्षकांनी सरावाच्या पहिल्याच दिवशी निवडीचे निकष सर्वांसमोर सांगावेत आणि पाळावेत. ज्याला बाहेर ठेवले, त्याला सामन्यापूर्वी दोन मिनिटे बाजूला घेऊन कारण सांगावे. यादीतून ते कळू देऊ नये. स्वतःचा मुलगा वा पुतण्या संघात असेल, तर त्याच्या निवडीत दुसऱ्या जाणत्याचे मत घ्यावे. आणि मुलांचे वय लहान असेल, तर प्रत्येकाला मैदानावर उतरवावेच. १९७० च्या विश्वचषकापासून बदली खेळाडूंची मुभा आली, आज मोठ्या स्पर्धांत पाच जण बदलता येतात; मग गावच्या पोरांच्या सामन्यात कोणाला सबंध वेळ बसवून ठेवण्याचे कारण काय? मोठ्यांच्या चषकासाठी जिंकणे हा हेतू असू शकतो. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हेतू एकच, त्याने पुढच्या वर्षीही खेळावयास यावे.

आईबापांनी मैदानाच्या कडेवरून ओरडू नये आणि घरी मुलादेखत प्रशिक्षकांची निंदा करू नये. शंका असेल तर दुसऱ्या दिवशी राग निवल्यावर जाऊन विचारावे. “आमच्या मुलाला का घेतले नाही?” असे नव्हे, “त्याने काय सुधारावे, सर?” असे. पहिल्या प्रश्नाला सबब मिळते, दुसऱ्याला उत्तर मिळते. प्रामाणिक प्रशिक्षक ह्या प्रश्नाने आनंदित होतो. आणि त्याला काहीच सांगता आले नाही, तर पक्षपाताचा संशय धरावयास तेव्हा जागा आहे. अशा वेळी ते फादरांच्या किंवा मंडळाच्या कानावर अवश्य घालावे. गप्प राहून मनात अढी धरणे हा सद्गुण नव्हे.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. योसेफाला वेगळा झगा शिवून देणारा याकोब प्रशिक्षक नव्हता, बाप होता. आणि त्या झग्यापायी भावांनी योसेफाला विकले. मैदानावरील पक्षपात आपल्याला चटकन दिसतो. घरात हुशार मुलाला शाबासकी आणि दुसऱ्याला टोमणे, मुलाला दूध आणि मुलीला भांडी, हा पक्षपात मात्र दिसत नाही. प्रशिक्षकाला अकराच जागा असतात, म्हणून त्याला कोणाला तरी बाहेर ठेवणे भाग असते. आईबापांच्या घरात जागा मोजलेल्या नाहीत. तेथे कोणीही बाकावर बसता कामा नये.